तीन ते पन्नास: मधल्या गाड्यांनी कुठे जायचं?

प्रति,
परदेशातून येणाऱ्या जुन्या गाड्यांचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

विषय: कायमचं परत येताना स्वतःची एक जुनी गाडी सोबत आणू देण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडचा. २००९ साली नोकरीसाठी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेलो आणि सोळा वर्षांनी, गेल्या जूनमध्ये, बायको-मुलीसह कायमचा परत आलो. आईचे गुडघे गेलेत, अण्णा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, आणि तिथल्या डिसेंबरात दुपारी चारला होणाऱ्या अंधाराला आम्ही तिघंही कंटाळलो होतो. कारणं एवढीच. सामान सगळं आलं. पुस्तकांची खोकी आली, मुलीची सायकल आली, डायनिंग टेबल आलं (एक पाय बोटीत मोडून). तीन महिन्यांत घर लागलं. फक्त गाडी आली नाही, आणि तुमच्या नियमांप्रमाणे ती अजून अठरा-एकोणीस वर्षं येऊ शकत नाही.

गाडी १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे. माझदा म्हटलं की आपल्याकडे स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगतो: ही दोन सीटची, कापडी टपाची, हिरोशिमात बनलेली छोटी गाडी. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. वजन टनाच्या आसपास, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. पहिल्या पिढीच्या या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात आणि बटण दाबलं की टुणकन वर येतात. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, बेडकी!" तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव बेडकी. मी ती २०११ मध्ये एका निवृत्त शिक्षकाकडून घेतली. महागडी नाही. आज तिथे विकली तर चारेक हजार पौंड येतील, आणि त्यातले निम्मे मागच्या चाकांजवळच्या पत्र्याचा गंज काढण्यात मी आधीच घातलेत.

आता तुमच्या नियमांकडे वळतो. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. स्टिअरिंग उजवीकडे हवं. वेगाचा काटा ताशी किलोमीटर दाखवणारा हवा. पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे असा ठरलेल्या चाचणी संस्थेचा दाखला हवा, आणि ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात.

इंग्लंडातून गाडी आणणाऱ्याला ही यादी वाचून पहिल्यांदा हुरूपच येतो. स्टिअरिंग उजवीकडे आहेच. दिव्यांचा झोत बरोबर आहे, कारण तिथेही लोक डावीकडूनच जातात. काटा मैलांचा आहे, पण ही गाडी जपानातही विकली गेली असल्याने किलोमीटरचा डायल मिळतो आणि एका दुपारी बसतो. मुंबई बंदर तर आम्हा पुणेकरांना सगळ्यात सोयीचं. चाचणी संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, आणि ती वेताळ टेकडीवर, आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. लहानपणी आम्ही पौड रोडला उभे राहून टेकडीकडे चढणाऱ्या, काळे पट्टे चिकटवलेल्या अनोळखी गाड्या ओळखायचा खेळ खेळायचो. बेडकी त्या चढावर जाताना पाहायला मी सुट्टी काढली असती. पण तीन वर्षांच्या त्या पहिल्या ओळीतच सगळं अडतं. मुंबईच्या एका एजंटाला फोन केला तर त्याने मॉडेलचं साल विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हणाला, "साहेब, विसरा." पुढे दोन मिनिटं तो मला नवी गाडी कुठली घ्यावी हे सांगत होता.

कायमचं परत येणाऱ्याला तुमचे नियम ओळखत नाहीत असंही नाही. सलग दोन वर्षं परदेशात राहून जो कायमचा येतो आणि ज्याच्या ताब्यात गाडी तिथे किमान वर्षभर होती, त्याच्यासाठी आयात परवान्याविना एका गाडीची वाट ठेवलेली आहे. म्हणजे माणूस खरा आणि गाडी त्याचीच, हे तपासायची पद्धत तुमच्याकडे आहे. मी चौदा वर्षं एकच गाडी ठेवली, आणि तेवढ्यामुळेच अडकलो. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलणारा असतो तर शेवटची चकचकीत गाडी घेऊन मजेत आलो असतो.

दुसऱ्या टोकाला मात्र तुम्ही मोठं मन दाखवलं आहे, आणि ते आधी मान्य करायला हवं. व्हिंटेज म्हणून आणायची गाडी पूर्वी १ जानेवारी १९५० च्या आधीची असावी लागे. ती अट २०२५ मध्ये बदलली आणि आता बनून पन्नास वर्षं झालेली गाडी आणता येते, म्हणजे दर वर्षी एकेक साल आपोआप पुढे सरकतं. त्याआधी २०२१ च्या जुलैमध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेली पाटी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायची तर ५ हजार. अशा गाडीने रोज ऑफिसला जायचं नाही, भाडी मारायची नाहीत. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. नियम सुटसुटीत आहे. ज्याने लिहिला त्याला जुन्या गाडीचं दुखणं कळतं असं मला वाचताना वाटलं.

तर हिशेब असा. तीन वर्षांच्या आतली चालते, पन्नास वर्षांवरची चालते. चौथ्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंतची गाडी भारताच्या लेखी नाहीच. बेडकीला पन्नास होतील २०४४ मध्ये. मी तेव्हा पासष्टचा असेन. हे मी अण्णांना सांगितलं तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मग काय, थांबतो मी तोपर्यंत."

तीन वर्षांची अट का आहे हे मला कळतं, आणि ती काढून टाका असं मी म्हणणारही नाही. जपानमध्ये ठरावीक वर्षांनी होणारी तपासणी इतकी खर्चिक असते की धडधाकट गाड्या लोक स्वस्तात काढून टाकतात. त्या जगभर जातात. भारताने दार उघडलं तर वर्षभरात इथली बंदरं भरतील आणि चाकण-पिंपरीत कामगारांना घरी बसावं लागेल. सवलत माणसाला द्यावी आणि फायदा दलालाने उचलावा, हेही काही नवं नाही. पाकिस्तानात परदेशी राहणाऱ्यांसाठी सामानासोबत, भेट म्हणून आणि बिऱ्हाड हलवताना गाडी आणायच्या तीन योजना होत्या. व्यापाऱ्यांनी दुसऱ्यांच्या पासपोर्टांवर त्याच वाटेने गाड्यांचा धंदा केला. आपल्याकडेही २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टमने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांसाठी छापे घातले. तेव्हा तुम्ही सावध असता त्यात वावगं काही नाही. पण त्या वाटेने येते ती बड्या लोकांची भली मोठी एसयूव्ही. चार हजार पौंडांच्या, गंजाची ठिगळं लावलेल्या दोन सीटच्या गाडीवर कुठला दलाल जीव टाकणार? कंटेनरचं भाडंच तिच्या किमतीच्या जवळ जातं.

शिवाय गाडी खरंच माझी आहे का, हे तपासणं आज फार सोपं झालंय. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दर वर्षी तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. त्या निकालांची नोंद इंटरनेटवर कुणालाही गाडीचा नंबर टाकून पाहता येते. मुंबईतल्या तुमच्या अधिकाऱ्याला खुर्चीतून उठावंही लागणार नाही. २०१३ मध्ये मागचा ब्रेक कमी धरत होता, २०१७ मध्ये डाव्या बाजूचा पत्रा सडला होता, दर वर्षी किती मैल झाले, सगळं तिथे आहे. माझ्या काही वर्षांचा आळसही त्यात दिसतो. एवढी लख्ख जन्मपत्रिका तर इथे कोथरूडच्या एखाद्या जुन्या गाडीचीही मिळायची नाही.

प्रदूषणाचा मुद्दा येणार हे मला माहीत आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ सक्तीचं आहे आणि बेडकी त्याच्या जवळपासही नाही. मान्य. पण आमच्या सोसायटीत १९९४ सालचीच एक प्रीमियर पद्मिनी आहे. शेजारच्या काकांची. रविवारी सकाळी ती सुरू करताना काका चोक ओढतात, आणि पहिली दोन मिनिटं तळमजल्यावरच्या खिडक्या पटापट बंद होतात. तिला कार्ब्युरेटर आहे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, कारण आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो लागला १९९५ च्या एप्रिलपासून. बेडकीला फ्युएल इंजेक्शन आहे आणि कन्व्हर्टर कारखान्यातूनच आलेला. दोघी एका वयाच्या. काकांच्या पद्मिनीला तपासणी करून, पैसे भरून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं, आणि ते मिळावंच. त्या गाडीत काकांनी बायकोला बाळंतपणाला नेलंय. मला एवढंच विचारायचंय की पुण्याच्या हवेत या दोघींच्या धुरात फरक करायचा झाला तर तो कुठल्या बाजूने पडेल?

(काकांचं स्वतःचं मत वेगळं आहे. "विकून टाक ती, आणि थार घे. आता सगळे तेच घेतात.")

बाकीचे देश काय करतात ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार, तरी दोन शब्द. अमेरिका सुरक्षेच्या नियमांत कुणाचं ऐकत नाही, पण पंचवीस वर्षं झालेल्या गाडीला त्या नियमांतून सोडते. ऑस्ट्रेलियात पूर्वी १९८९ ही पक्की रेघ होती. आता तिथेही पंचवीस वर्षांची सरकती अट आहे. कॅनडात पंधरा. जर्मनीत तीस वर्षांच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीच्या नंबरपाटीवर शेवटी एक 'एच' लागतो. ब्रिटनमध्ये राहायला येणारा माणूस आपली वापरातली गाडी करमाफीत आणू शकतो, मात्र वर्षभर विकायची नाही. या सगळ्यांनी गाडी जुनी होणं ही एक रांग मानली आहे, नवी, मग वापरलेली, मग जपण्याजोगी. आपल्याकडे वापरलेली आणि जपण्याजोगी यांच्यामध्ये सत्तेचाळीस वर्षांची दरी आहे.

करमाफी मला नकोच. वापरलेल्या गाडीवरच्या कराचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होतो, हे मला माहीत आहे. तो मी भरेन. बायकोशी यावर बोलणं झालंय (एकदा नाही, तीनदा). भारत-ब्रिटन करार जुलै २०२५ मध्ये झाला तेव्हा मित्रांनी अभिनंदनाचे मेसेज पाठवले, पण त्यातली सवलत तिथे बनलेल्या नव्या गाड्यांना, तीही ठरलेल्या संख्येपुरती. हिरोशिमाच्या म्हातारीचा त्यात संबंध नाही.

मागणं इतकंच. २०२१ च्या त्या 'व्हीए' नोंदणीचंच दार थोडं अलीकडे आणा. परदेशात किमान पाच वर्षं राहून कायमचा परत येणारा माणूस, त्याला आयुष्यात एकदाच, एकच गाडी. गाडी तीस वर्षांवरची आणि किमान पाच वर्षं त्याच्याच नावावर असलेली. कर पूर्ण. चाचणी इथल्याच संस्थेत, आणि ब्रेक-धूर-दिव्यांत नापास झाली तर आणणाऱ्याने स्वखर्चाने परत पाठवावी. दहा वर्षं विकायची नाही. वापरावर आज व्हिंटेजला आहेत तीच बंधनं घाला, मी एका अक्षराने तक्रार करणार नाही. मला तिने ऑफिसला जायचंच नाहीये. कर्वे रोडवर सकाळी साडेनऊला कापडी टपाची गाडी न्यायची हौस मला नाही. वर्षातून दोन-चार रॅल्या आणि पावसाळा संपल्यावर एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, जर देखभालीच्या फेरीत तेवढं बसत असेल तर. तीस आकडा तुम्हाला कमी वाटत असेल तर पस्तीस करा. मी चार वर्षं थांबेन. एकोणीस फार होतात.

पाच वर्षं देशात सर्व्हिस मिळण्याची हमी द्या, असंही तुमचा नियम म्हणतो. माझदा भारतात मोटारी विकत नाही, तेव्हा शोरूम दाखवता येणार नाही. पण या बाबतीत पुण्याला कुणी शिकवू नये. १९९५ मध्ये देशातली पहिली मर्सिडीज पिंपरीत जोडली गेली. स्कूटर आकुर्डीच्या, ट्रक पिंपरीचे. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी काय मिळत नाही ते विचारा. आणि जे मिळत नाही ते बनवून देणारे भोसरीत आहेत. हे मी ऐकीव सांगत नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात आई-अण्णा तीन महिने आमच्याकडे आले होते. अण्णा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, आयुष्य लेथवर गेलेलं. एका शनिवारी मी त्यांना बेडकीतून भाजी आणायला नेलं. परत येताना ते काहीच बोलले नाहीत. घरासमोर गाडी उभी केली, तेव्हा गिअरच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी तो न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे हलवला. खुळखुळ वाजला. "हे किती दिवस?" मी म्हटलं, वर्षभर असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दहावीत गणितात नापास होऊन आलोय.

त्याच दुपारी आम्ही कन्सोल उघडला. दांडा वर ओढून काढला. खालच्या टोकाच्या गोळ्यावर नायलॉनची एक वाटी असते, बोटाच्या पेराएवढी. तिचे तुकडे ग्रीसमध्ये रुतले होते. मी म्हटलं, अण्णा, नवी मागवतो, चार-पाच पौंडांना मिळते. "चार पौंड कशाला?" म्हणत ते आत गेले आणि सुटकेसमधून व्हर्निअर घेऊन आले. नातीला भेटायला निघालेला माणूस सुटकेसमध्ये व्हर्निअर घेऊन येतो, हे मी तेव्हा पाहिलं. तुकडे जुळवून त्यांनी मापं घेतली, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलने आकृती काढली, टॉलरन्ससकट. मी तात्पुरती बाजारातली वाटी बसवली. ते पुण्याला परतले. ऑक्टोबरात एक भाचा कॉव्हेंट्रीला आला, त्याच्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी होती. आत डेल्रिन नावाच्या कडक प्लास्टिकचे दोन पांढरे बुश, म्हणजे तशाच वाट्या, भोसरीतल्या मित्राच्या लेथवर स्वतः काढलेले, आणि चिठ्ठी: "एक बसव, एक ठेव. बसवताना ग्रीस कमी." मी बाजारातली वाटी काढून टाकली. तेव्हापासून त्या गिअरचा आवाज आलेला नाही.

तेव्हा सर्व्हिसची हमी हवी असेल तर ती लग्नपत्रिका माझ्याकडे आहे. झेरॉक्स जोडू शकतो.

सध्या बेडकी कॉव्हेंट्रीजवळ एका मित्राच्या गॅरेजमध्ये आहे. रस्त्यावर चालवत नाही अशी तिथल्या खात्याकडे नोंद केली आहे. बॅटरी काढून ठेवली, टायर ठोकळ्यांवर. कार्नेवर, म्हणजे गाडी तात्पुरती आणायच्या कागदावर, सहा महिन्यांसाठी आणून परत पाठवायचा सल्लाही एकाने दिला. पण तो प्रवाशांसाठी आहे, आणि मी प्रवासी उरलो नाही. मित्राचं घर विकायला निघालंय. मेअखेर गॅरेज रिकामं करून द्यावं लागेल. त्यानंतर एक तर महिन्याला भाडं भरून ती अनोळखी शेडमध्ये ठेवायची, नाहीतर विकायची. म्हणून हे पत्र आता लिहितोय. नियम मेपर्यंत बदलेल अशी माझी अपेक्षा नाही, मीही पुण्यात वाढलोय. पण असा विचार होणार आहे की नाही, एवढं कळलं तरी भाडं भरायचं की नाही ते ठरवता येईल.

परवा जेवताना अण्णांनी विषय काढला. म्हणाले, "विकायचीच झाली तर माझा बुश काढून घे, त्या लोकांची नायलॉनची बसवून दे." मी म्हटलं, अण्णा, दुसरा आहे ना माझ्या टेबलाच्या खणात, सामानात आलाय. "तो स्पेअर," ते म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं.

कळावे,

आपला नम्र,
एक परतलेला पुणेकर
कोथरूड, पुणे